स्ट्रीट फायटर ६ : नवख्याने पैसे कशासाठी मोजायचे?

फायटिंग गेम शिकवणारा वस्ताद सोलापुरात सापडणं अवघड. मोबाइलवर बंदुका चालवणारी पोरं अशोक चौकापासून जुळे सोलापूरपर्यंत कुठंही भेटतील, पण समोरच्याची उडी आपल्याला दरवेळी का लागते, हे नीट सांगणारा माणूस भेटत नाही. म्हणून कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर ६ इथं वस्ताद म्हणून तपासलाय. ग्राफिक्स छान आहेत, संगीत ज्याच्या त्याच्या आवडीचं. त्यावर शब्द घालवत नाही.

२ जून २०२३ ला आलेल्या या गेमचे तीन भाग आहेत: वर्ल्ड टूर, फायटिंग ग्राउंड आणि बॅटल हब (ऑनलाइन लोकांना भेटायची जागा). नवखा माणूस साहजिकच वर्ल्ड टूरमध्ये शिरतो. गोष्ट आहे, फिरायला शहर आहे, आपला चेहरा आपणच बनवायचा. वेळ मजेत जातो, पण ऑनलाइन जिंकायचं असेल तर तिथं फार रमू नका. तिथले गुंड उघड्यावर उभे राहून मार खातात, लेव्हल वाढली की आपला एकेक फटका आपोआप जड होतो, आणि लढत चालू असताना काहीतरी खाऊन जीव भरून घेता येतो. खऱ्या सामन्यात यातलं काहीच मिळत नाही. सवय मात्र राहते: पुढं पळायचं, उडी मारायची, बटन दाबत राहायचं.

पैसे वसूल होतात ते फायटिंग ग्राउंडमधल्या ट्रेनिंग मोडमध्ये. तिथं स्क्रीनवर फ्रेम मीटर लावता येतो, आणि नवख्यासाठी या गेमची सगळ्यात मोठी देणगी हीच. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी चालतो. प्रत्येक फटक्याचे तीन टप्पे असतात: सुरू होणं, लागू असणं आणि हात परत आणणं. मीटरवर हे टप्पे वेगवेगळ्या रंगांच्या चौकोनांत दिसतात. फटका ब्लॉक झाल्यावर कोण किती फ्रेम आधी मोकळा झाला, तेही आकड्यात येतं. रियू या कॅरेक्टरचा बसून मारलेला लाइट पंच ४ फ्रेममध्ये सुरू होतो. म्हणजे समोरच्याचा फटका ब्लॉक केल्यावर तो ४ किंवा जास्त फ्रेम मागे असेल आणि हाताच्या टप्प्यात असेल, तर तुमचा पंच लागणारच. शोर्युकेन (वर उसळत मारलेला ठोसा) ब्लॉक झाली तर मारणारा वीसहून जास्त फ्रेम मागे असतो. तिथं लाइट पंच मारणं म्हणजे फुकट मिळालेला मोका वाया घालवणं.

ट्रेनिंग मोड उघडल्यावर बहुतेक जण लांबलचक कॉम्बो (एकात एक जोडलेले फटके) पाठ करायला बसतात. डमी, म्हणजे सरावाचा पुतळा, गप्प उभा असतो, त्यामुळं कॉम्बो बसतोही. मग सामन्यात तो सुरू करायची संधीच मिळत नाही, कारण पहिला फटका कधी लागेल हे शिकलेलंच नसतं. एका कॅरेक्टरचे दोन कॉम्बो पहिल्या महिन्याला भरपूर झाले: एक लाइट फटक्यावरून, एक मोठ्या चुकीची शिक्षा द्यायला. रियू घेतलात तर बसून हेवी पंच आणि त्यातूनच शोर्युकेन, एवढं पुरतं.

उरलेला वेळ रेकॉर्डिंगला द्या. डमीच्या हालचाली रेकॉर्ड करायला आठ जागा आहेत आणि चालू ठेवलेल्या जागा तो आलटून-पालटून खेळवतो. पहिला सराव उडीचा. एका जागेत डमीची पुढं उडी आणि लाथ, दुसरीत नुसतं चालत पुढं येणं, तिसरीत लांबून हादोकेन (हातातून सोडलेला ऊर्जेचा गोळा). तिन्ही चालू करा. उडी दिसली तरच बसून हेवी पंच, हादोकेनला ब्लॉक, चालत आला तर मागं सरकायचं किंवा आपली लांब लाथ. उडी साधारण ४० फ्रेम चालते, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून जास्त. पाहून मारायला एवढा वेळ पुरतो. तरी उशीर होत असेल तर हाताला दोष देऊ नका. बहुतेक वेळा नजर आपल्याच कॅरेक्टरवर असते. ती समोरच्यावर हवी, आणि त्याच्या थोडी वर. फक्त उडीची एकच जागा चालू ठेवून सराव केला तर तुम्ही ताल पाठ करता, पाहायला शिकत नाही. आणखी एक, डोक्यावरून पलीकडे जाणाऱ्या उडीला हा हेवी पंच नीट लागत नाही. तिथं उलट्या दिशेला ब्लॉक धरणंच बरं.

दुसरा सराव ड्राइव्ह इम्पॅक्टचा. खालच्या रँकमध्ये निम्मी भांडणं याच्यावरच होतात. हेवी पंच आणि हेवी किक एकत्र दाबली की रंगांचा फवारा उडवत येतो तो. वाटेत आलेले दोन फटके झेलतो, कोपऱ्यात ब्लॉक केला तरी भिंतीवर आपटतो. नवखे घाबरून आणखी बटनं दाबतात आणि तीच चूक होते. हा फटका सुरू व्हायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे सुमारे ०.४३ सेकंद. डोळ्यांनी पाहून बोट हलायला पाव सेकंद धरला तरी दहा फ्रेम हातात उरतात. पण त्याच वेळी तुमची हेवी लाथ हवेत असेल, तर त्या दहा फ्रेम लाथ परत येण्यात संपतात. त्यामुळं उपाय हात वेगवान करणं नसून लांबच्या, जड बटनांचा वापर कमी करणं हा आहे. एका जागेत ड्राइव्ह इम्पॅक्ट, एकीत हादोकेन, एकीत मीडियम लाथ रेकॉर्ड करा. इम्पॅक्ट दिसला की उलट इम्पॅक्ट मारा. नंतर मारणारा जिंकतो. अगदी जवळ असाल तर थ्रोही (पकडून फेकणं) चालतो, कारण थ्रोपुढं ते कवच निकामी आहे.

असे डाव खेळायला लागणाऱ्या ऊर्जेचा, म्हणजे ड्राइव्ह गेजचा हिशेब गेम सांगतो, पण ओझरता. फेरीच्या सुरुवातीला सहा पट्ट्या भरलेल्या असतात. इम्पॅक्टला एक, पॅरीतून (येणारा फटका परतवायच्या पवित्र्यातून) निघणाऱ्या ड्राइव्ह रशला (झपाट्याने पुढं धावण्याला) एक, फटका तोडून मारलेल्या रशला तीन, ओव्हरड्राइव्ह फटक्याला, म्हणजे हादोकेनसारख्या स्पेशलच्या जोरदार रूपाला, दोन. ब्लॉक करत राहिलं तरी गेज घटतो. सगळा संपला की बर्नआउट: ब्लॉक केल्यावर सुटायला ४ फ्रेम जास्त लागतात, स्पेशल फटके ब्लॉक करूनही जीव कमी होतो, आणि कोपऱ्यात इम्पॅक्ट ब्लॉक केला तर चक्कर येते. ऑनलाइन बारकाईनं पाहिलं तर नवखा जीव संपल्यामुळं हरण्याआधी गेज उधळून हरलेला असतो. सुरुवातीला तीन पट्ट्यांचा रश विसरून जा. पॅरीचं बटन दाबून बसायची सवयही लावून घेऊ नका. पॅरी धरलेल्याला थ्रो केला की तो नेहमीपेक्षा जास्त लागतो.

बटनांचा मॉडर्न प्रकार घ्यावा की क्लासिक, यावर लै वाद घालतात लोक. मॉडर्नमध्ये एका बटनावर स्पेशल निघतो, बदल्यात त्याचा फटका ८० टक्क्यांचा होतो आणि काही साधी बटनं हाताशी राहत नाहीत. पूर्ण दिशा फिरवून मारलात तर मॉडर्नमध्येही पूर्ण नुकसान होतं. आमचं मत सरळ आहे: पूर्वी कधी फायटिंग गेम खेळला नसाल तर मॉडर्न घ्या आणि लाजू नका. अंतर, ब्लॉक आणि उडी पाडणं हे दोन्हीकडे सारखंच शिकावं लागतं. डायनॅमिक हा तिसरा प्रकार मात्र पाहुण्यांसाठी आहे, ऑनलाइन सामन्यात तो चालतच नाही.

आता सामानाचं. आर्केड स्टिकवर पैसे घालायची घाई करू नका. पीसीवर साधा पीएस४ कंट्रोलर यूएसबीने जोडला तरी काम भागतं. जुना घेणार असाल तर पैसे देण्याआधी ट्रेनिंगमध्ये बटनांचा इतिहास दाखवणारी पट्टी चालू करून फक्त खाली दाबून धरा. मध्येच तिरका बाण उमटला तर डी-पॅड (दिशांची बटनं) झिजलाय, सोडून द्या. कीबोर्डवरही उत्तम खेळता येतं, पण स्वस्त कीबोर्डवर काही ठरावीक तीन कळा एकत्र दाबल्या की तिसरी नोंदलीच जात नाही. तेही याच पट्टीवर दोन मिनिटांत कळतं.

पीसीसाठी किमान जीटीएक्स १०६० चं ६ जीबीचं कार्ड, ८ जीबी रॅम आणि ६० जीबी जागा लागते. लॅपटॉपवाल्यांना सोलापूरचा उन्हाळा आडवा येतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, दुपारी बंद खोलीत लॅपटॉप तापतो, स्वतःचा वेग कमी करतो आणि ६० फ्रेमचा गेम पन्नाशीत घुटमळतो. फायटिंग गेममध्ये हे चालत नाही, कारण त्या वेगावर बसलेला ताल ऑनलाइन उपयोगाचा राहत नाही. रिझोल्यूशन आणि सावल्या खाली आणा, मागून हवा लागेल असं उचलून ठेवा, सराव सकाळी करा. मशीनला गेम पेलतो का हे मोजणारं या गेमचं बेंचमार्क टूल फुकट आहे. ते आधी चालवून बघा, मग खरेदीचं ठरवा. टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीचा गेम मोड (चित्र उशिरा दिसणं कमी करणारा) चालू केल्याशिवाय सराव सुरूच करू नका.

नेटवर्कच्या बाबतीत गेम चांगला आहे, तुमचं वायफाय बहुधा नाही. रोलबॅक पद्धतीत तुमची मशीन समोरच्याच्या पुढच्या हालचालीचा अंदाज बांधते आणि अंदाज चुकला की चित्र मागं नेऊन दुरुस्त करते. माहिती ठरावीक लयीत येत असेल तर हे जाणवत नाही. वायफायवर ती कधी लवकर, कधी उशिरा पोचते, मग कॅरेक्टर टुणटुण जागा बदलतात. फायबरचा वेग कितीही असो, राउटरपासून मशीनपर्यंत केबल ओढा आणि राउटरला छोटा यूपीएस लावा, लाईट गेली तरी चालू सामना तुटणार नाही. सामना स्वीकारण्याआधी समोरच्याची जोडणी किती पट्ट्यांची आहे आणि ती वायफाय आहे का, हे दिसतं. भारतातले खेळाडू कमी भेटतात, पुष्कळदा समोरचा आखातातला किंवा आग्नेय आशियातला असतो. चार-पाच पट्ट्यांचाच घ्या. क्रॉसप्ले (दुसऱ्या प्रकारच्या मशीनवाल्यांशी खेळणं) चालू ठेवा, नाहीतर वाट बघण्यात संध्याकाळ जाईल.

रँकमध्ये कधी उतरायचं? उडी पाडणं दहातून पाचदा जमू लागलं की लगेच. दहा प्लेसमेंट सामन्यांनंतर रँक मिळते, ती प्रत्येक कॅरेक्टरची वेगळी असते, आणि रूकीपासून मास्टरपर्यंतची शिडी तुमच्याच ताकदीचे लोक समोर आणते. हरलेला सामना रीप्लेमध्ये फ्रेम मीटर लावून बघता येतो. इथं ट्रेनिंग आणि रँक एकमेकांना जोडले जातात. पूर्ण रीप्ले बघत बसू नका. ज्या फटक्याने सगळ्यात जास्त जीव गेला त्याच्या आधीचे दोन सेकंद बघा, तो फटका डमीत रेकॉर्ड करा आणि उत्तर शोधा. वय झालं म्हणून बिचकणाऱ्यांसाठी एवढंच: सप्टेंबर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत याच मालिकेच्या पाचव्या गेममध्ये सुवर्ण जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू ४४ वर्षांचा होता.

मूळ गेममध्ये १८ कॅरेक्टर आहेत आणि नवख्याला तेवढे पुरून उरतात. रियू, केन, ल्यूक यांतला एक घ्या. धलसिम आपला भारतीय म्हणून मोह होईल, पण त्याचे लांब हात-पाय आणि संथ उड्या सांभाळायला अंतराचा पक्का अंदाज लागतो, तो तुमच्याकडे अजून नाही. नंतर आलेले कॅरेक्टर वेगळे पैसे मागतात आणि ही तक्रार रास्त आहे. विकत घेण्याआधी रेंटल तिकिटावर तासभर चालवून बघता येतात, तोवर पाकीट बंद ठेवा. मूळ गेमचा डेमो फुकट आहे, त्यात रियू आणि ल्यूक आहेत. तो घासून झाल्यावर सेल लागेपर्यंत थांबा आणि फक्त साधी आवृत्ती घ्या.