बर्स्ट डिस्कचं काम एक नंबर, काउंटरचं विचारू नका: एका डाइव्ह शॉपचा रिव्ह्यू

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाहीये, कारण खाली तक्रार पण आहे. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं डाइव्ह शॉप, पुढे काउंटर, मागे वर्कशॉप आणि कॉम्प्रेसर. माझ्या स्कूबा डाइव्हिंगच्या हवेच्या दोन टाक्या, नेहमीची अ‍ॅल्युमिनियम 80 (म्हणजे साधारण 80 घनफूट हवेची) आणि एक स्टीलची, दोन्ही सर्व्हिसला दिल्या होत्या. वर्कशॉपला पाचपैकी पाच, काउंटरला दोन, ते पण दिलदारपणे.

तारकर्ली-मालवणला डाइव्ह करून आलेल्यांना हा सगळा प्रकार नवा वाटेल, तिथे टाकी ऑपरेटरची असते आणि तिच्या टेस्टिंगचं टेन्शनही त्याचंच. इकडे स्वतःची टाकी घेतली की ते आपल्या गळ्यात. अमेरिकेत दर 5 वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीत पाणी भरून जास्त प्रेशरखाली चाचणी, लागते, कायद्यानेच, आणि आपल्या घरगुती गॅसच्या सिलेंडरवर ए-27 वगैरे लिहिलेलं असतं ना, तसा इथे टाकीच्या खांद्यावर महिना-वर्षाचा ठसा मारतात. दरवर्षीचं व्हिज्युअल, म्हणजे टाकी आतून-बाहेरून डोळ्यांनी तपासणं, मात्र स्कूबावाल्यांची आपसातली पद्धत, पण त्याचा चालू स्टिकर नसेल तर शॉपवाला हवा भरून देत नाही, विषय संपला.

आता मुद्द्याचं, बर्स्ट डिस्क. टाकीच्या तोंडावरच्या व्हॉल्वच्या एका बाजूला बारीक भोकं असलेला छोटा नट असतो बघा, त्याच्या आत तांब्याची पातळ चकती बसवलेली असते. टाकीत प्रेशर प्रमाणाबाहेर गेलं तर टाकी फुटायच्या आत ही फुटते आणि हवा त्या भोकांतून निघून जाते. अ‍ॅल्युमिनियम 80 चं वर्किंग प्रेशर 3000 पीएसआय (प्रेशरचं माप), हायड्रोचं टेस्ट प्रेशर 5000, आणि डिस्क साधारण 4500 ते 5000 च्या मध्ये फुटायला हवी. उन्हात तापलेल्या गाडीच्या डिकीत भरलेली टाकी राहिली तरी प्रेशर 3400 च्या आसपास जाईल, त्यामुळे धडधाकट डिस्कला काही होत नाही. पण वर्षानुवर्षं भर-रिकामी करून आणि खाऱ्या पाण्यानं ती चकती थकते आणि मग एक दिवस नुसत्या गॅरेजमध्ये उभ्या असलेल्या टाकीची पण जाते, प्रचंड आवाज, आणि नॉब कितीही आवळा काही उपयोग नाही कारण डिस्क व्हॉल्वच्या सीटच्या, म्हणजे नॉब जिथे हवा अडवतो त्या जागेच्या, आतल्या बाजूला असते, टाकी रिकामी झाल्यावरच थांबते. (युरोपातल्या व्हॉल्वना बहुतेक वेळा हा नटच नसतो, त्यामुळे तिकडे डाइव्ह करणाऱ्यांनी तो पाहिलाही नसेल.)

या शॉपची पॉलिसी अशी की हायड्रोला आलेल्या प्रत्येक टाकीची डिस्क, तिचा गॅस्केट आणि नट सगळं बदलायचं, आणि गिऱ्हाईकाला सुटी डिस्क विकायची नाही. यावर बरेच जण कुरकुर करतात, पंधरावीस डॉलरचा पार्ट आहे, पाना आहे घरी, आम्हीच लावतो. मला तर ही पॉलिसी शंभर टक्के पटते. माझी स्टीलची टाकी 3442 पीएसआयची, तिची डिस्क वेगळ्या रेटिंगची, आणि पाकिटाबाहेर काढल्या की दोन्ही चकत्या सारख्याच दिसतात. जास्त रेटिंगची चुकून अ‍ॅल्युमिनियमला गेली तर जिथे फुटायला पाहिजे तिथे ती फुटणारच नाही. काही महाभाग तर सारखी फुटते म्हणून दोन चकत्या एकावर एक बसवतात, म्हणजे सेफ्टीच काढून टाकली की! आणि टाकी पूर्ण रिकामी न करता तो नट सैल करायला गेलं तर काय होईल ते लिहायलाच नको. बरं, एकदा आवळलेली डिस्क परत वापरत नाहीत, कडेला दबलेली असते ती.

टेक्निशियन माणूस एकदम भारी. मी विचारलं जुने पार्ट बघू का, तर त्यानं अ‍ॅल्युमिनियमवाल्या टाकीची चकती कागदावर ठेवून दिली. मधला भाग बाहेरच्या बाजूला फुगलेला, कडेला गोल चरा उमटलेला आणि एका बाजूनं हिरवट कळकलेली. नवी शेजारी ठेवली, अगदी सपाट. यापुढे कुणाला पटवायला बोलायची गरज नाही. मग टाकीत लाइट सोडून आतला तळ दाखवला, छोट्या आरशानं गळ्याचे आटे दाखवले, गळ्याची 214 नंबरची ओ-रिंग (हवा गळू नये म्हणून असलेली रबरी रिंग) नवीन टाकली, आणि श्वास घ्यायचा रेग्युलेटर बसतो तिथल्या 014 च्या मूठभर ओ-रिंगा फुकट दिल्या. जुन्या 6351 मिश्रधातूच्या अ‍ॅल्युमिनियम टाक्या, म्हणजे ढोबळमानानं 1988 च्या आधीच्या, हे लोक भरतच नाहीत, टेस्ट पास असली तरी नाही, कारण त्यांच्या गळ्याला भेगा जायचा इतिहास आहे. वडिलांची टाकी घेऊन आलेला एक जण माझ्यासमोरच त्यावरून वाद घालत होता, पण हा ढिम्म हलला नाही.

आता काउंटर. पॉलिसी चांगली आहे तर लिहून लावा ना भिंतीवर! टाकी देताना फक्त हायड्रो आणि व्हिज्युअलचा रेट सांगितला, डिस्कचं कोणी बोललंच नाही, आणि बिलात "सर्व्हिस पार्ट्स" म्हणून एकच आकडा, त्यात डिस्क किती, ओ-रिंग किती, मजुरी किती काही कळायला मार्ग नाही. विचारलं तर काउंटरवरचा पोरगा म्हणे सगळे असंच घेतात. पैशाचं काही नाही हो, पण कुठल्या टाकीला कुठल्या रेटिंगची डिस्क लावली हे तरी कागदावर यायला नको का? शेवटी टेक्निशियननंच बिलाच्या मागे पेनानं लिहून दिलं. शिवाय हायड्रो ते बाहेर पाठवतात, ते ठीक आहे, पण परत कधी येणार याला उत्तर "नेक्स्ट वीक", आणि तो नेक्स्ट वीक काही येता येईना, शेवटी बोटीच्या ट्रिपला भाड्याच्या टाक्या घ्याव्या लागल्या.

तरी पुढच्या वेळी पण टाकी इथेच देणार, फक्त मे महिन्यात सगळी जर्सी जागी व्हायच्या आधी, थंडीतच नेऊन टाकायची, देतानाच पार्टसकट रेट लिहून मागायचा आणि जुन्या डिस्क टाकून देऊ नका म्हणून आधीच सांगून ठेवायचं, नाहीतर त्या थेट कचऱ्यात जातात.