लिलियमचे कंद कुंडीत: पुण्यातल्या गच्चीवर दोन हिवाळे

आधी नावाचा घोळ मिटवलेला बरा. नर्सरीत नुसतं ‘लिली’ म्हटलं की रेन लिली, स्पायडर लिली, मे महिन्यात फुलणारी फुटबॉल लिली किंवा अमरिलिस, यांपैकी काहीही हातात पडतं. यांचे कंद कांद्यासारखे, वरून कागदी सालीत गुंडाळलेले असतात. लिलियमच्या कंदाला साल नसते. लसणीच्या पाकळ्यांसारखे जाड, पांढरट खवले एकमेकांवर बसलेले असतात आणि बुडाशी मांसल मुळं लोंबत असतात. साल नाही म्हणून तो उघड्यावर लवकर सुकतो. दुकानात टोपलीत कोरडे मांडलेले लिलियमचे कंद स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात), भोकं पाडलेल्या पिशवीत ठेवलेलेच घ्यावेत.

गच्चीवर तीन गट लावले होते. एल.ए. संकर म्हणजे लाँगिफ्लोरम आणि एशियाटिक या लिलियमच्याच दोन प्रकारांचा मेळ, त्यातले पाविया आणि ब्रिंदिसी हे वाण. एशियाटिकमधला नारिंगी ब्रुनेलो. ओरिएंटलमधला स्टारगेझर. निकाल आत्ताच सांगतो: पुण्यासारख्या हवेत पहिल्यांदा लावणाऱ्याने एल.ए. घ्यावा. एशियाटिक जवळजवळ तितकाच सोपा, फक्त उजेड कमी पडला की लगेच रुसतो. स्टारगेझरचा वास अख्ख्या गच्चीभर पसरतो, पण त्याला थंडी पुरवणं आपल्याकडे फार अवघड जातं.

पाकिटावर १२/१४, १४/१६, १६/१८ असे आकडे असतात. तो कंदाचा घेर, सेंटिमीटरमध्ये. घेर मोठा तेवढ्या कळ्या जास्त. घरासाठी एल.ए.चा १४/१६ पुरतो. ओरिएंटल १६/१८ पेक्षा लहान घेऊ नये. कंद हातात घेऊन बूड दाबून बघा. बूड मऊ, तपकिरी आणि खवले सहज सुटून येत असतील तर ती फ्युजेरियम या बुरशीची कूज आहे, तो कंद टाकून द्या. खवल्यांवर निळसर बुरशीचे ठिपके असले आणि बूड टणक असलं, तर पुसून लावायला हरकत नाही. कोंब दोन-चार सेंटिमीटर असावा. पाकिटातच वीतभर वाढून पिवळा पडलेला कोंब पुढे धड उभा राहत नाही.

लावण्याची वेळ हा या फुलाचा कणा आहे. बाजारात येणारे हे कंद शीतगृहातून आलेले, थंडी मिळालेले असतात; मातीत गेले की ते थांबत नाहीत. पहिले तीन आठवडे माती १२ ते १५ अंशांच्या जवळपास राहिली तर मुळं भरघोस येतात. माती २५ अंशांच्या वर गेली की कोंब मुळांच्या आधी पळतो. मग दांडा बुटका राहतो, कळ्या दोन-तीनच येतात आणि पुढचं प्रत्येक दुखणं तिथूनच सुरू होतं. पुण्यात ऑक्टोबर हीटमध्ये लावलेल्या कुंड्या आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातल्या कुंड्या यांत डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. उशिराने लावलेल्याच सरस ठरतात. मुंबई-कोकणात रात्री फारशा गार होत नाहीत, तिथे डिसेंबरात फक्त एल.ए. लावावा. कुठेही असा, पहिले वीस दिवस कुंडी सावलीत, फरशीवरून उचलून दोन विटांवर ठेवा. तापलेल्या गच्चीची धग थेट बुडाला लागते.

कुंडी निदान बारा इंच खोल हवी. बारा इंची कुंडीत तीन कंद, त्याहून जास्त नको. मिश्रण असं: चार भाग धुतलेलं कोकोपीट, तीन भाग पोयटा किंवा लाल माती, दोन भाग गांडूळखत, एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे) किंवा जाडी वाळू. काळी माती अजिबात नको, पाणी धरून बूड कुजवते. कोकोपीट खरंच धुवायचं. कोकोपीटच्या विटेत क्षार असतात आणि लिलियमला क्षार सोसत नाहीत. बोअरच्या जड पाण्यावर नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात, ती लोहाची कमतरता असते. अशा ठिकाणी नळाचं किंवा आरओचं पाणी अर्धं-अर्धं मिसळावं.

कंदाच्या डोक्यावर १० ते १२ सेंटिमीटर माती हवी. बहुतेकांचं इथेच चुकतं. लिलियमला मुळं दोन प्रकारची. बुडाची मुळं सुरुवातीला कंद धरून ठेवतात आणि थोडंफार पाणी पुरवतात. मग कंदाच्या वर, मातीत दडलेल्या दांड्यावर मुळांची दुसरी झालर फुटते आणि पुढे झाडाचं बहुतेक पाणी-अन्न तीच आणते. तीन आठवड्यांनी दांड्याशेजारची माती बोटाने हळूच सरकवून बघा: कंदाच्या वर पांढरी, ब्रशच्या केसांसारखी आडवी मुळं दिसली पाहिजेत. कंद वरवर लावला असेल तर या मुळांना माती मिळत नाही. मग झाड भर पाण्यातही माना टाकतं आणि आपण पाणी वाढवून कंद कुजवतो.

लावण्याआधी कंद कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात, लिटरला २ ग्रॅम, अर्धा तास बुडवावेत. ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) वापरायचा असेल तर हे औषध वगळा, कारण कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्माच मरतो. दोन्ही एकदम वापरणं म्हणजे पैसे पाण्यात.

पहिले तीन आठवडे खत नाही, कंदात शिदोरी असते. नंतर एका आठवड्याला कॅल्शियम नायट्रेट, पुढच्या आठवड्याला १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), दोन्ही लिटरला १ ग्रॅम. दोन्ही एका बादलीत मिसळायचे नाहीत. कॅल्शियम आणि स्फुरद एकत्र आले की साका बसतो. कळ्या दिसल्या की १९:१९:१९ च्या जागी १३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट). सुपर फॉस्फेट लिलियमच्या कुंडीत घालू नये. त्यातल्या फ्लोराइडमुळे पानांची टोकं जळतात.

स्टारगेझरमध्ये पानं जळण्याचा आणखी एक प्रकार दिसतो. कळ्या दिसायच्या बेतात असताना शेंड्याची कोवळी पानं आत वळतात, त्यांवर पांढुरके डाग येतात आणि मग ते तपकिरी होतात. बुरशी समजून लोक फवारण्या करत बसतात. हा करपा नव्हे. मुळं कमी आणि वाढ जोरात, त्यामुळे कोवळ्या पानाला कॅल्शियम पोहोचत नाही. इलाज आधीच करायचा असतो: मुळांना गारवा, ओल सारखी, आणि कडक ऊन-वाऱ्यापासून आडोसा.

एक-दोन सेंटिमीटरच्या कळ्या फिक्या पडून देठापासून गळाल्या, तर उजेड कमी आहे असं समजा. कोंब वर आला की सकाळचं पाच-सहा तासांचं ऊन हवंच. फेब्रुवारीपासून दुपारी ५० टक्के शेडनेट. मावा कळ्यांच्या बेचक्यात बसतो आणि फुलं वेडीवाकडी उमलतात. निंबोळी तेल ५ मिली आणि चिमूटभर साबण लिटरभर पाण्यात, संध्याकाळी फवारायचं.

एल.ए. आणि ब्रुनेलो साधारण ६५ ते ७५ दिवसांत फुलले. स्टारगेझरला शंभरच्या वर लागले. तोवर मार्च उजाडतो आणि उन्हात फूल चार-पाच दिवसांत मान टाकतं. फूल उमलताच परागकोश बंद असतानाच चिमटीने काढून टाका. ते फुटले की शेंदरी-तपकिरी पूड कपड्याला लागते. ती पाण्याने पुसायची नाही, चिकटपट्टीने उचलायची. फुलदाणीसाठी कापताना निदान एक तृतीयांश दांडा पानांसह कुंडीत ठेवा. आणि घरात मांजर असेल तर लिलियम आणूच नका. पान, फूल, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी करतं, अगदी थोडं पोटात गेलं तरी.

दुसऱ्या वर्षाबद्दल विक्रेते फार गोड बोलतात. खरं असं: पुण्यात कुंडीत तसाच सोडलेला कंद पावसात कुजतो आणि वाचला तरी त्याला थंडी मिळत नाही. फुलं संपल्यावर दांडा पिवळा होईपर्यंत पाणी-खत चालू ठेवायचं, पावसाळ्यात कुंडी छपराखाली, माती जेमतेम ओलसर. ऑगस्टअखेर कंद काढून, मुळं न तोडता, ओलसर कोकोपीटसह भोकाच्या पिशवीत घालून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आठ-दहा आठवडे. सफरचंद, केळी त्या कप्प्यात नकोत, त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी मरते. एवढं केल्यावर पाविया आणि ब्रिंदिसी दुसऱ्या हिवाळ्यात फुलले, कळ्या मात्र पहिल्यापेक्षा कमी. ब्रुनेलोचे कंद दुभंगून लहान झाले. स्टारगेझरने नुसती पानं दिली.

‘निळी लिली’ म्हणून विकलं जाणारं पाकीट घेऊ नका. लिलियममध्ये खरा निळा रंग नाही. संकराच्या बियाही नकोत, फूल आईसारखं येत नाही. रोपं वाढवायची असतील तर कंद काढताना जमिनीखालच्या दांड्याला चिकटलेले वाटाण्याएवढे पिल्लू-कंद जपून ठेवा. तेही मोठ्या कंदांबरोबर फ्रिजमध्ये, आणि नोव्हेंबरात तीन-चार सेंटिमीटर खोल वेगळ्या कुंडीत. दोन-तीन वर्षं फक्त पानं येतील. त्या काळात कळी काढू लागलाच एखादा, तर ती खुडून टाकायची.