लिव्हिंग हिस्टरी फार्म्स, आयोवा : १८५० च्या शेतावर एक दिवस

मुलीकडे अमेरिकेत आलो की आठवडाभरात माझे हात शिवशिवायला लागतात. चाळीस वर्षं शेती केलेल्या माणसाला दिवसभर सोफ्यावर बसवत नाही. लेकीनं ते ओळखलं आणि मे महिन्यातल्या एका सकाळी मला आणि नातवाला गाडीत घातलं. आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहराला लागून अर्बनडेल आहे, तिथे लिव्हिंग हिस्टरी फार्म्स ही जुन्या शेतीच्या संग्रहालयाची जागा. आयोवा स्टेट विद्यापीठातले कृषी अर्थशास्त्राचे प्राध्यापक विल्यम मरे यांनी १९७० साली ती सुरू केली. १७००, १८५० आणि १९०० अशा तीन काळांतली तीन शेतं आणि १८७६ सालचं म्हणून उभं केलेलं वॉलनट हिल नावाचं छोटं गाव, असा सगळा पसारा आहे. काचेच्या कपाटात ठेवलेली अवजारं बघायला मिळतील, अशा समजुतीनं मी गेलो होतो. तिथे तर शेतात काम चाललेलं!

मी सगळ्यात जास्त वेळ काढला तो १८५० च्या शेतावर. आयोवा राज्य झालं १८४६ च्या डिसेंबरात, म्हणजे हे अगदी सुरुवातीच्या वसाहतकरी शेतकऱ्याचं घर. ओंडक्यांवर ओंडके रचलेली एकच खोली, फटींत लिंपलेली माती, एका बाजूला चूल. ही चूल भिंतीतली, धूर वर जाणारी. जुन्या पेहरावातली एक बाई तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात मक्याची भाकरी भाजत होती. भांडं निखाऱ्यावर आणि झाकणावरही निखारे. मी वाकून बघत राहिलो. खालून-वरून सारखी आच लागते, भाकरी उलटावी लागत नाही.

पण माझा जीव अडकला तो बैलांत. मी जोडी बघितली आणि पहिली नजर गेली नाकाकडे. वेसण नाही. कासराही नाही. हाकणारा माणूस बैलांच्या डाव्या अंगाला हातात काठी घेऊन चालत होता आणि नुसत्या तोंडानं सांगत होता. ‘जी’ म्हटलं की उजवीकडे, ‘हॉ’ म्हटलं की डावीकडे, ‘व्हो’ म्हटलं की जागेवर उभी. मी आयुष्यभर कासरा ओढत आलो. ही जोडी एका शब्दावर वळली तेव्हा माझ्या तोंडून आपसूक ‘शाब्बास’ निघालं.

मग जू नीट बघितलं. त्या बैलांना वशिंड नसतं. आपल्याकडे जू वशिंडाच्या पुढ्यात बसतं आणि बैल त्याला रेटा देतो. इथे वरच्या लाकडाला खालून इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखी वाकवलेली लाकडी कमान अडकवलेली, ती गळ्याभोवती येते. सगळा भार मान आणि खांद्यांवर. मी त्या माणसाला खुणेनं विचारलं आणि कमानीत हात घालून बघितला. आतून घासून घासून काचेसारखी गुळगुळीत केलेली, कुठे कुसळ नाही. ज्यानं ती घासली त्याला बैलाच्या खांद्याला सूज आली की काय होतं ते ठाऊक असणार. त्या काळी बऱ्याच जणांनी घोड्यांऐवजी बैलच धरले. बैल स्वस्त पडत, गवतावर भागवत आणि दमानं ओढत.

नातवाला वाटलं, इतकी सपाट आणि काळीभोर जमीन, मग पेरायला कष्ट कसले? त्याला बांधावर बसवून सांगावं लागलं. ही सगळी आधी उंच गवताची माळजमीन. त्या गवताची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात आणि वरचा थर चटईसारखा विणलेला असतो. तो पहिल्यांदा मोडायला मोठा जड नांगर आणि चार-चार, पाच-पाच जोड्या लागत. असे नांगर घेऊन फिरणारे लोकही होते. सरकार एकरी सव्वा डॉलरनं जमीन देई, पण ती मोडायची मजुरीच अनेकदा त्याहून जास्त पडे. पहिल्या वर्षी रान कुजायला वेळ लागायचा, म्हणून उलटलेल्या थरात कुऱ्हाडीनं चीर पाडायची, मक्याचे दाणे टाकायचे आणि टाचेनं दाबायचे. एवढ्यावर पहिलं पीक!

आणि माती. मी मूठभर उचलून दाबली, गोळा झाला, बोटांना चिकटून राहिला. आमची काळी अशीच आहे, पावसानंतर फाळाला धरते आणि औत थांबवून खरवडावी लागते. पूर्वेकडून आणलेले बिडाचे नांगर याच मातीत हरले. १८३७ साली शेजारच्या इलिनॉयमध्ये जॉन डीअर या लोहारानं करवतीच्या तुटक्या पोलादी पात्यापासून नांगर केला. त्याच्या गुळगुळीत अंगावरून माती आपोआप सरकत गेली. मी घरी ज्या ट्रॅक्टरवर बसतो त्यावर हेच नाव आहे. पण त्यानं नेमकं कुणाचं दुखणं सोडवलं, हे मला त्या नांगराच्या तासात उभं राहिल्यावर कळलं.

कुंपण बघायला विसरू नका. उभे चिरलेले वासे नागमोडी एकावर एक ठेवलेले, एकही खिळा नाही. गुरं मोकळी सोडायची आणि पिकाला कुंपण घालायचं, अशी तेव्हाची रीत. म्हणून नवा माणूस आधी झाडी असलेला नदीकाठ धरायचा. घराला ओंडके, कुंपणाला वासे आणि चुलीला लाकूड तिथेच मिळे. ओंडके चढवायला शेजारी लागायचेच, एकट्याच्या घरचं ते काम नाही. गवताला वणवा लागू नये म्हणून घराभोवती तासं काढून पट्टा मोकळा ठेवत.

१७०० च्या आयोवे या इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या शेतावरही आवर्जून थांबा. झाडाच्या सालीनं मढवलेली घरं, मका, घेवडा, भोपळा एकत्र आणि बायसन म्हणजे तिकडच्या रानगव्याच्या खांद्याच्या हाडाची कुदळ. शेत बायकांच्या हातात. आधी इथे येऊन मगच ओंडक्यांच्या घराकडे जा, असं मी म्हणेन. या भागातले सॉक आणि मेस्क्वाकी जमातींचे मूळ रहिवासी १८४२ च्या करारानं हलवले गेले आणि १८४५ पर्यंत त्यांना निघावं लागलं. ती कुदळ आधी बघितलेली असली की नांगराचा तास वेगळा दिसतो. माझा तिथून पाय लवकर निघाला नाही.

१९०० च्या शेतावरचे पर्शेरॉन जातीचे ओढकामाचे घोडे दांडगे आहेत, मुलं खूश होतात. गावात नातवाला लोहाराचा भाता आवडला. मी जरा घाईनं फिरलो, कारण मन मागे होतं.

चालणं पुष्कळ आहे, बूट चांगले घाला, टोपी घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी सगळं बघायचा हट्ट धरू नये. सकाळी लवकर जा, आयोवे लोकांचं शेत बघून लगेच १८५० चं शेत गाठा, बैल जुंपलेले असतात. माझ्याकडून पाचपैकी पाच.

दुपारी बैल सोडले तेव्हा तो माणूस कमान काढून त्यांच्या मानेवर हात फिरवत होता. मीही कुंपणातून हात घातला. लेक लांबून हाक मारत होती, ‘बाबा, चला आता.’ तिला म्हटलं, थांब गं, खांदा कुठे लागला नाही ना बघतो.