फोटो खरा, कागद खोटा : लंडन एअरपोर्टच्या जुन्या विमानांचा एक सौदा

फोटोच्या मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘लंडन एअरपोर्ट, मे १९५३’. पुढच्या बाजूला एअर इंडिया इंटरनॅशनलचं कॉन्स्टेलेशन जातीचं विमान, नाकाजवळ ‘मलबार प्रिन्सेस’ हे नाव, विमानाच्या मागच्या भागावर व्हीटी-सीक्यूपी ही नोंदणीची अक्षरं. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० ला मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला येताना मों ब्लां पर्वतावर आदळलं आणि आतले सगळे, ४८ जण, गेले. प्रवाशांतले बहुतेक इंग्लंडात बोटीवर रुजू व्हायला निघालेले खलाशी होते. म्हणजे फोटोमागच्या तारखेला विमानाचे तुकडे अडीच वर्षं बर्फात पडलेले होते.

हा फोटो ज्या अल्बमात आला, त्याला मी ३४० पौंड मोजले. इंग्लंडात राहून जुन्या विमानांचे फोटो जमवणारे आपले बरेच लोक आहेत, भारतात बसून इथून मागवणारेही आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितो.

आधी या फोटोंना एवढी मागणी का ते सांगायला हवं. युद्ध संपल्यावर लंडनची विमानवाहतूक विभागली गेली होती. ब्रिटिश युरोपियन एअरवेज या कंपनीची विमानं नॉर्थोल्ट विमानतळाहून उडायची, लांब पल्ल्याची नव्या लंडन एअरपोर्टवरून, म्हणजे आजच्या हीथ्रोवरून. १९४६ साली या नव्या विमानतळाचं टर्मिनल म्हणजे बाथ रोडच्या बाजूला ठोकलेले तंबू! नॉर्थोल्ट तर १९५२ मध्ये युरोपातला सगळ्यात गजबजलेला विमानतळ होता. १९५४ मध्ये ब्रिटिश युरोपियन तिथून हलली, १९५५ मध्ये लंडन एअरपोर्टच्या मधल्या भागातली नवी इमारत आणि कंट्रोल टॉवर सुरू झाले, आणि लोकांना विमानं बघायला हक्काची गच्चीही मिळाली. वही-पेन्सिल घेऊन रजिस्ट्रेशन उतरवून घेणारी पोरं आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेले हौशी लोक यांची तिथे कायम गर्दी. त्यांचे अल्बम आता घरं रिकामी होताना बाजारात येतात. त्यात मलबार प्रिन्सेस दिसलं की भारतीय गिऱ्हाईक हमखास थांबतं, कारण ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं मुंबई–लंडन हे पहिलं उड्डाण ३५ प्रवाशांना घेऊन याच विमानानं केलं होतं. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

माझा विक्रेता म्हणाला, वडील विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते, नुकतेच गेले, घर विकायचंय. लिलावाच्या साइटवर त्यानं फोटोंच्या फक्त पुढच्या बाजू टाकल्या होत्या, सगळ्या सरळ, स्कॅन केल्यासारख्या. मी बोली लावल्यावर निरोप आला : लिलाव थांबवतो, ३८० सांगतोय त्याचे ३४० द्या, पण थेट बँकेत टाका, वर निगेटिव्ह आणि कॉपीराइटही देतो. बोलणं इतकं साधं, दुःखातल्या माणसाचं, की खोदून विचारायची आपल्यालाच लाज वाटावी. ती लाज हेच या लोकांचं भांडवल.

पार्सल आलं. अल्बम खरोखरच जुना. काळ्या जाड कागदाची पानं, कोपऱ्यांत चिकटवलेले त्रिकोण, तो ओळखीचा कोंदट वास. पहिल्या दोन पानांवरचे डाकोटा आणि व्हायकिंग विमानांचे छोटे प्रिंटही अस्सल. मागे ‘व्हेलॉक्स’ हे जुन्या फोटो-कागदाचं नाव छापलेलं, कागद किंचित वळलेला, आणि तिरक्या उजेडात धरले की कडेच्या काळ्या भागावर चांदीची निळसर झाक. जुन्या प्रिंटमधली चांदी वर्षानुवर्षं पृष्ठभागाकडे सरकते, त्यानं ही झाक येते. ती छापून आणता येत नाही.

तिसऱ्या पानापासून पुढचं सगळं बनावट निघालं.

एअर इंडियात इंजिनिअर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले एक काका आमच्याजवळच राहतात. त्यांना अल्बम दाखवला. मलबार प्रिन्सेसचा फोटो त्यांनी उलटा केला, तारीख वाचली आणि म्हणाले, “अरे, हे विमान तोवर राहिलंच होतं कुठे?” पण लगेच स्वतःच सावरून म्हणाले, तारखेवर जाऊ नकोस, चाळीस वर्षांनी अल्बम लावायला बसलेला माणूस साल चुकतोच. तुझ्या विक्रेत्याचा बाप चुकला असेल, त्यानं फोटो खोटा ठरत नाही.

मग त्यांनी नोटा तपासायचा छोटा यूव्ही दिवा काढला आणि खोलीतले दिवे मालवले. पहिल्या दोन पानांवरचे प्रिंट मंद, मळकट राहिले. बाकीचे पावडरनं धुतलेल्या पांढऱ्या शर्टासारखे निळसर चमकले. कपड्यांच्या पावडरीत शुभ्रता आणणारी जी रसायनं असतात, त्याच जातीची रसायनं फोटोच्या कागदात १९५० च्या दशकात वापरात आली. १९४८-४९ चा म्हणून विकलेला प्रिंट असा झगमगला, तर तो त्या वेळचा नाही. उलटं मात्र खरं धरू नका : न चमकणारा कागद नंतरचाही असू शकतो.

दुसरी खूण मला जास्त बोलकी वाटली. मलबार प्रिन्सेसच्या पंखावरून एक पांढरा ओरखडा तिरका गेलेला दिसतो. नखानं चाचपून पाहिलं, कागद गुळगुळीत. ओरखडा फोटोत होता, कागदावर नव्हता. निगेटिव्हच्या चित्राच्या थरावर ओरखडा असला तर तो प्रिंटमध्ये काळा उमटतो; मागच्या, फिल्मच्या बाजूचा ओरखडा मात्र पांढराही येऊ शकतो. तरी पांढरा आणि हाताला न लागणारा ओरखडा दिसला की शंका घ्यायची, कुणाच्या तरी जुन्या, खरवडलेल्या प्रिंटचा हा फोटो असावा. भिंगाखाली विमानाच्या करड्या रंगात रंगीत ठिपके दिसले, म्हणजे संगणकाच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेला. काही प्रिंट तर प्लॅस्टिकचा थर असलेल्या कागदावर होते. तसे कागद सर्रास मिळायला लागले ते १९७० च्या सुमारास. मागची बाजू तपकिरी होती खरी, पण सगळ्यांची एकसारखी. जुना कागद असा शिस्तीत पिवळा पडत नाही.

इथेच या धंद्याची मेख आहे. आपण विमानवेडे लोक विमान तपासतो. रंगसंगती त्या वर्षाची आहे का, इंजिनं बरोबर आहेत का, अक्षरं जुळतात का. आणि ते सगळं बिनचूक जुळतं, कारण चित्र अस्सल आहे, दुसऱ्याच्या संग्रहातून उचललेलं. कागद आणि मागची बाजू तेवढी विक्रेत्यानं स्वतः बनवलेली असते, आणि तो घसरतो तोही तिथेच. माझ्या अल्बमात दोन प्रिंटांमागे ‘हीथ्रो एअरपोर्ट’ असा गोल शिक्का होता, साल १९५१. लोक बोलताना हीथ्रो म्हणत असतील, पण १९६६ पर्यंत त्या विमानतळाचं अधिकृत नाव लंडन एअरपोर्ट होतं. आणखी एका फोटोच्या पाठीवर १९५२ लिहिलेलं, आणि चित्रात विमानामागे १९५५ चा कंट्रोल टॉवर ऐटीत उभा!

अर्थात प्रत्येक विचित्र गोष्ट खोटी नसते. अल्बमात नॉर्थोल्टवरच्या एका व्हायकाउंट विमानाचा फोटो होता, साल १९५०. व्हायकाउंटची नियमित सेवा एप्रिल १९५३ ची, म्हणून मी तो फोटोही बादच धरला होता. काकांनी थांबवलं. जुलै १९५० मध्ये ब्रिटिश युरोपियननं व्हायकाउंटचा नमुना, जी-एएचआरएफ, नॉर्थोल्टहून पॅरिसला प्रवासी घेऊन उडवला होता. टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारख्या टर्बाइन इंजिनानं पंखे फिरवणाऱ्या, विमानाची जगातली पहिली नियोजित प्रवासी फेरी तीच. म्हणजे तारीख अगदी शक्य होती. प्रिंट मात्र इंकजेटचाच.

‘निगेटिव्ह’ म्हणून आल्या त्या काही स्लाइड्स. पुठ्ठ्याच्या चौकटी कोडाक्रोम या जुन्या रंगीत फिल्मच्या, आतली फिल्म नक्कल. अस्सल कोडाक्रोमची मॅट बाजू दिव्याखाली तिरकी धरली की चित्राचा उठाव दिसतो, विमानाची कड जणू कोरल्यासारखी. इथे पृष्ठभाग सपाट होता. स्लाइड घेणाऱ्यांनी हे एकदा खऱ्या कोडाक्रोमवर बघून ठेवावं, मग नक्कल हातात आल्या आल्या कळते. आणि कॉपीराइट? ब्रिटिश कायद्यात तो हस्तांतरित करायला लेखी, सहीचा कागद लागतो, भारतातही लेखीच. प्रिंट किंवा स्लाइड विकत घेतली म्हणून छापायचा हक्क मिळत नाही. “कॉपीराइटही देतो” असं जो मेसेजमध्ये सहज म्हणतो, त्याच्याकडे तो बहुधा नसतोच.

पैशांचं काय झालं? विक्रेत्यानं एकदा “वडिलांनीच तसं लिहिलं असेल” असं उत्तर दिलं आणि नंतर गप्प झाला. साइटवाले म्हणाले, व्यवहार आमच्याबाहेर झाला, आम्ही काही करू शकत नाही. बँकेचं प्रकरण जरा वेगळं. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून करायला लावलेलं ट्रान्सफर ८५,००० पौंडांपर्यंत बँकांनी भरून द्यावं असा नियम आहे. पण माल आला आणि तो मनासारखा नाही, एवढाच वाद असेल तर तो त्यात बसत नाही, आणि बँकेनं पहिल्या फोनला तेच ऐकवलं. म्हणून दुसऱ्यांदा ‘दर्जा’ हा शब्दच टाळला. विक्रेत्यानं वस्तू काय आहे याबद्दल जाणूनबुजून खोटं सांगितलं, असं लिहून यूव्हीखालचे फोटो, शिक्क्यांचे फोटो, मलबार प्रिन्सेसच्या अपघाताची तारीख आणि सगळे मेसेज जोडले. तक्रार आता फसवणूक म्हणून नोंदली गेली आहे, निकाल यायचा आहे.

पुनर्मुद्रित प्रिंट विकण्यात गैर काही नाही. विमानांच्या जत्रांमध्ये ‘रीप्रिंट’ असं स्पष्ट लिहून थोडक्या पौंडांना चांगले प्रिंट मिळतात, माझ्या भिंतीवरही आहेत. जास्तीचा पैसा जातो तो ‘त्या वेळचा’ या दोन शब्दांना. तेव्हा ते शब्द जाहिरातीत लेखी असू द्या, आणि पैसे द्यायच्या आधी दोन फोटो मागा : एक मागच्या बाजूचा, एक खिडकीतल्या तिरक्या उजेडात धरलेला. खऱ्या संग्राहकाला ते काढायला मिनिट लागत नाही. ब्रिटिश विमानांची जी- ची अक्षरं नागरी उड्डाण प्राधिकरणाच्या जी-इन्फो या मोफत नोंदीत तपासता येतात. विमान कधी नोंदलं आणि नोंद कधी रद्द झाली ते तिथे कळतं. पैसे साइटच्या आतच द्या. व्यापाऱ्याकडून घेत असाल आणि किंमत १०० पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्ड वापरा; १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमानं कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. भारतातून पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, आणि विक्रेत्याला जाब विचारण्याआधी त्याच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी पहिला कडक मेसेज पाठवला त्याच रात्री माझ्या विक्रेत्याची जाहिरात गायब झाली होती.