घोट्याची टेप, पाच महिने आणि ते कोपरे

दुसरा रोल काल संपला म्हणून लिहितोय. मार्चमध्ये सिंहगड उतरताना पाय मुरगळला, बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं, सूज उतरल्यावर फिजिओ मॅडमनी निळी कायनेसिओ टेप (ताणली जाणारी कापडी चिकटपट्टी) लावून दिली आणि ती आंघोळ धरून चार दिवस टिकली. म्हटलं दर वेळी तिकडे पैसे कोण घालणार, घरीच लावू. ५ सेंमी रुंद, ५ मीटरचा रोल ४५० ला, २५ सेंमीच्या २० पट्ट्या, एका वेळी ३ लागतात म्हणजे साडेसदुसष्ट रुपये.

आणि ते साडेसदुसष्ट रुपये संध्याकाळपर्यंत मोज्यात गोळा होऊन बसायचे! कोपरे गोल कापले, टोकं न ताणता चिकटवली, हाताने घासून गरम केली, तरी कोपरे वरच. दुकानदार म्हणे उघडलेला रोल परत घेत नाही. मी 'डुप्लिकेट माल' लिहून एक स्टार ठोकला.

तो स्टार आता चार केलाय, कारण दीड महिन्याने डोक्यात प्रकाश पडला की आई रोज रात्री त्याच घोट्याला खोबरेल चोळते आणि सकाळी मी नुसतं पाणी मारून टेप लावतो. साबणाने धुतलं, खडखडीत कोरडं केलं, लावल्यावर तासभर घाम येऊ दिला नाही, तर तीन-चार दिवस आरामात. दुकानदाराला सॉरी म्हटलं नाही, बोलला उर्मटच होता. जुलैत बूट भिजले की मात्र कोपरे पुन्हा वर, त्याला इलाज नाही.

काढताना ओढू नका, केसांसकट येते. तिथे तेल लावून दहा मिनिटं थांबायचं (हो, तेच तेल).

आधाराचं म्हणाल तर ही ताणणारी टेप पाय वळायचा थांबवत नाही, कुणीतरी हात ठेवलाय एवढंच वाटतं, निळी-काळी सगळी सारखीच. बॅडमिंटनला मी आता पांढरी न ताणणारी झिंक ऑक्साइडवाली लावतो, ती खरंच धरून ठेवते पण घामाने अर्ध्या तासात ढिली. मॅडम पहिल्यापासून सांगत होत्या एका पायावर उभं राहायचा व्यायाम कर, तो दात घासताना करायला लागलो तेव्हापासून पाय डगमगत नाही, आणि तो फुकट आहे.

तिसरा रोल घेत नाहीये. दोन रोलचे ९०० गेले, तेवढ्यात लेसवाला अँकल ब्रेस (घोट्याला बांधायचा आधारपट्टा) आला असता, धुऊन परत वापरता आला असता. कुणी वापरत असेल तर सांगा, बुटात मावतो का?