स्थलांतर आणि कुटुंबावरचा ऑनलाइन कोर्स, घ्यावा का?

लग्न झालं आणि पंधरा दिवसांत खोकी बांधून नव्या शहरात, म्हणून उत्सुकतेपोटी हा कोर्स घेतला. तिसरा धडा एक नंबर! जागा बदलली की पाळणा लांबू शकतो कारण नवरा-बायको एकमेकांपासून लांब राहतात, घर-नोकरीचा पत्ता नसतो, पण कितीतरी जण लग्न करूनच हलतात नाहीतर जोडीदाराच्या मागून जातात, मग पहिलं मूल पोचल्या पोचल्या होतं आणि जन्मदराचे आकडे फुगलेले दिसतात. पुढच्या पिढीत मुलांची संख्या बहुतेक तिथल्यांसारखीच होत जाते. शिवाय मुळात हलणारे लोकच मागे राहणाऱ्यांपेक्षा जरा वेगळे असतात, हे तर मला सुचलंच नव्हतं. आवाज मात्र फारच बारीक, एकेक इअरफोन वाटून घेतला तरी बायको दर मिनिटाला, काय म्हणाला? क्विझ निव्वळ टाइमपास. चार स्टार.