दिवाळी ते पोळा: नागपूरच्या उन्हाळ्यातून निघालेला माझा टर्नटेबल

वीस हजारांच्या आतला, बेल्ट ड्राइव्ह (मोटर रबराच्या पट्ट्याने थाळी फिरवते तो), डीसी मोटरचा टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, दिवाळीनंतर घेतला. आता पोळा तोंडावर आला आहे. मधल्या काळात हिवाळा, पूर्ण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा या मशीनने माझ्याकडे काढला. मे महिन्यात ते बंद पडलं आणि सर्व्हिसवाल्यांशी माझं चांगलंच वाजलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतल्या बऱ्याच मशीन आतून एकाच पद्धतीच्या असतात, त्यामुळे पुढचं बहुतेक सगळं तुमच्याही मशीनला लागू पडेल. ब्लूटूथ आहे का, झाकण कसं आहे, रंग कोणते मिळतात, हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. मी लिहिणार आहे ते वेगाबद्दल. मिनिटाला ३३⅓ फेरे म्हणजे ३३⅓ फेरेच.

एवढा आग्रह का, ते सांगते. मी ऐकते ते न्यू वेव्ह, म्हणजे सत्तरीच्या अखेरीचं आणि ऐंशीच्या दशकातलं सिंथेसायझर-ड्रम मशीनवालं पाश्चात्य पॉप-रॉक, शाळेच्या शेवटच्या वर्षांपासून. तेव्हा नागपुरात हे संगीत मिळायचं ते कुणाच्या तरी नातेवाइकाने बाहेरून आणलेल्या कॅसेटवर, आणि त्या कॅसेटची कॉपी, कॉपीची कॉपी. १९८० च्या मार्चमध्ये द पोलीस हा बँड मुंबईत वाजवून गेला, ते मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. जानेवारी २०२४ मध्ये त्याच बँडचा गायक स्टिंग मुंबईला महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा या संगीत महोत्सवात गाणार असं जाहीर झालं, तेव्हा मी घरात कुणाला न विचारता रेल्वेचं रिझर्वेशन केलं. भोवतीची बहुतेक मुलं माझ्या भाचीच्या वयाची होती आणि त्यांना द पोलीसच्या गाण्यांचे शब्द पाठ होते. बेस गिटारचा आवाज मैदानातून छातीत येतो तो फोनवर कधीच आला नव्हता. नागपूरला परतले ती रेकॉर्डवर ऐकायचं ठरवूनच. पैसे जमवायला दिवाळी उजाडली.

आता वेगाचं. शास्त्रीय गायनाच्या जुन्या रेकॉर्डवर वेग थोडा इकडेतिकडे झाला तर पट्टी जराशी चढते, पण गाणारा माणूस असतो, त्याची लय श्वासाबरोबर हलत असते, कान सांभाळून घेतो. न्यू वेव्हमध्ये ती सोय नाही. ह्यूमन लीगचा १९८१ चा 'डेअर' हा अल्बम लिन एलएम-१ या ड्रम मशीनवर उभा आहे. न्यू ऑर्डरचं १९८३ चं 'ब्लू मंडे' ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनने सुरू होतं आणि मिनिटाला १३० ठोक्यांवर चालतं. मशीन दमत नाही, उत्साहाच्या भरात पळत नाही. त्या ठोक्यांचा सारखेपणा हाच त्या संगीताचा प्राण आहे. टर्नटेबल दोन टक्के जोरात फिरला तर १३० चे १३२.६ होतात आणि सूर शेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या एकतृतीयांश इतका वर चढतो. ज्याने हे गाणं चाळीस वर्षं ऐकलंय त्याला ते पहिल्या आठ मात्रांत खटकतं.

खोक्यातून काढला तेव्हा माझा टर्नटेबल जोरातच फिरत होता. फार नाही, टक्काभर. फोन प्लॅटरवर, म्हणजे रेकॉर्डखालच्या फिरत्या थाळीवर, ठेवून वेग मोजणारं ॲप आहे, पण फोनचं वजन रेकॉर्डपेक्षा जास्त आणि ते मधोमध बसतही नाही, त्यामुळे माझा त्यावर भरवसा नाही. मी कागदी स्ट्रोब चकती वापरते. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झ, म्हणून तांब्याच्या चोकवाली जुनी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. चकतीवर १८० रेघा असल्या आणि प्लॅटर बरोबर ३३⅓ ने फिरत असला की त्या रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे सरकल्या तर कमी. चकती बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाड कागदावर प्रिंट करून घेतली. प्रिंट लहानमोठी आली तरी बिघडत नाही, रेघा मोजून १८० असल्या म्हणजे झालं. अडचण एकच: घरातले सगळे दिवे एलईडी झालेत आणि चांगला एलईडी असा लुकलुकत नाही. स्वयंपाकघरातली एक जुनी ट्यूब मी बदलू दिलेली नाही ती याच कामासाठी.

डीसी मोटरच्या मशीनला बहुधा खालच्या बाजूला किंवा मोटरच्या बुडाशी दोन बारीक छिद्रं असतात. आत वेगाचे स्क्रू, एक ३३⅓ फेऱ्यांसाठी, एक ४५ साठी (काही रेकॉर्ड त्या वेगाने वाजतात). मशीन पंधरावीस मिनिटं चालू ठेवून, रेकॉर्डवर सुई टेकवून, प्लॅस्टिकच्या पेचकसाने केसभर फिरवायचं आणि थांबायचं. रेघा थांबल्या तेव्हा मी लगेच 'ब्लू मंडे' लावलं. बारा इंची सिंगल, पीटर सॅव्हिलने फ्लॉपी डिस्कसारखं कापून घेतलेलं कव्हर, कव्हरच्या कडेला रंगांच्या ठोकळ्यांत लिहिलेलं नाव. त्या ठोकळ्यांची किल्ली त्याच वर्षीच्या 'पॉवर, करप्शन अँड लाइज' अल्बमच्या मागे रंगांच्या चाकात आहे. ही जोडी समोर ठेवून अक्षरं लावत बसण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली आणि मी ती कुणालाही परत देणार नाही.

डिसेंबर, जानेवारी उत्तम गेले. तक्रार म्हणाल तर स्टॅटिकची, म्हणजे रेकॉर्डवर साठणाऱ्या स्थिर विजेची. नागपूरचा हिवाळा कोरडा. कागदी आतल्या कव्हरमधून रेकॉर्ड काढली की चटचट आवाज, हातावरचे केस उभे, आणि खोलीतली सगळी धूळ त्या रेकॉर्डवर. कार्बन ब्रशने थोडा फरक पडतो. मूळची सुई काढून ऑडिओ-टेक्निकाचं एटी-व्हीएम९५ई हे सुईसकटचं कार्ट्रिज बसवलं, सुईचा भार दोन ग्रॅम ठेवून. या खर्चाबद्दल मला एक क्षणही वाईट वाटलं नाही. बाजूच्या शेवटी, लेबलजवळच्या गाण्यांत 'स' आणि 'श' फाटायचे ते जवळजवळ थांबले.

एप्रिलच्या शेवटी मात्र लक्षण दिसायला लागलं. माझी खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. बाहेर ४४-४५ असलं की दुपारी त्या खोलीत भिंतीला हात लावता येत नाही. गॅरी न्यूमनचा १९७९ चा 'द प्लेझर प्रिन्सिपल' लावला होता. त्या अल्बममध्ये गिटार नाहीच, पॉलिमूग या सिंथेसायझरचे लांब, सपाट, थंड सूर आहेत. ते सूर हलत होते. वर, खाली, वर. रेकॉर्ड वाकली असेल म्हणून दुसरी लावली, तीही हलत होती. स्ट्रोब चकती ठेवली तर रेघा मागे जात होत्या, त्याही अडखळत. स्क्रू फिरवून वेग वाढवला की दहा मिनिटं बरं, मग परत तेच. मेमध्ये एका दुपारी मोटर घरघरत राहिली आणि प्लॅटर हललाच नाही. बेल्ट जुन्या परकराच्या नाडीसारखा सैल होऊन पुलीवरून घसरत होता.

सर्व्हिसला फोन. पहिल्यांदा उत्तर आलं की दोन टक्क्यांपर्यंत फरक 'नॉर्मल' असतो. म्हटलं, प्लॅटर उभा आहे, हा शंभर टक्के फरक आहे. मग सांगितलं की बेल्ट वॉरंटीत येत नाही, तो झिजणारा भाग. बरं, नका देऊ, विकत द्या. तर बेल्ट सुटा मिळत नाही, पूर्ण मशीन पॅक करून पाठवा, जाण्यायेण्याचं भाडं तुमचं, तपासणीचा आकार वेगळा. बेरीज अठराशेच्या वर जात होती. रबराच्या एका पट्ट्यासाठी! आणि टोनआर्म (सुईचा दांडा) बांधून, त्याचं मागचं वजन काढून, ते सगळं मालवाहू गाडीत मेच्या उन्हात पाठवायचं. मी ईमेलवर लेखी मागितलं की बेल्ट सुटा का विकत नाही. 'मॅडम, पॉलिसी आहे' एवढंच उत्तर आलं. त्या आठवड्यात मला कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, घेऊ नका.

मत बदललं ते बर्डीवरच्या एका जुन्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्यामुळे. त्यांनी प्लॅटर उचलला, बेल्ट दोन बोटांत ताणून पाहिला आणि म्हणाले, "काकू, मशीन काहून परत पाठवता? मोटर तर मस्त फिरून राहिली. बेल्ट गेला, बस. आपल्या इकडच्या उन्हात टेपचे बेल्ट पण असेच जायचे." त्यांच्याकडे या मापाचा चपटा बेल्ट नव्हता. त्यांनी तात्पुरता उपाय सांगितला: बेल्ट गरम पाण्यात थोडा वेळ ठेवायचा, पुसून पूर्ण कोरडा करायचा, तो आखडतो. आखडला. काही दिवस रेघा थांबल्याही. तेवढ्यात मी दुसऱ्या विक्रेत्याकडून माप देऊन नवा बेल्ट मागवला, साडेचारशेला, घरपोच. दुरुस्तीवाल्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, फक्त 'डेअर' कसं वाजतं ते दुकानात ऐकायला मागितलं. नवा बेल्ट बसवल्यावर मी मशीन आणि रेकॉर्ड दोन्ही त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी पहिली बाजू पूर्ण ऐकली, दोन गिऱ्हाइकांना थांबवून.

तर मशीन वाईट नाही. बेल्ट आपल्या हवेसाठी कच्चा आहे आणि कंपनीची पॉलिसी वाईट आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की मशीनला मी चांगले गुण देते. ज्यांना बेल्टची कटकटच नको त्यांनी डायरेक्ट ड्राइव्ह (मोटर थाळीला थेट फिरवते तो) पाहावा, पण या किमतीत तो सहसा बसत नाही, आणि साडेचारशे रुपये प्रत्येक उन्हाळ्याला खर्चायला माझी तयारी आहे.

याच उन्हाळ्यात एक गोष्ट अशी मिळाली की ती मला कुठल्याच रिव्ह्यूत वाचायला मिळाली नव्हती. कूलर. वाळ्याच्या ताट्या लावलेला आपला नेहमीचा कूलर खोलीत चालू झाला आणि स्टॅटिक संपलं. हवेत ओल आली की रेकॉर्डवर विजेचा भार साठत नाही. हिवाळ्यात चटचटणाऱ्या त्याच रेकॉर्ड मेमध्ये इतक्या शांत वाजल्या की जॉय डिव्हिजनच्या 'अननोन प्लेझर्स'मध्ये निर्माता मार्टिन हॅनेटने आवाजांच्या मध्ये ठेवलेल्या रिकाम्या जागा मला पहिल्यांदा रिकाम्या ऐकू आल्या. कॅसेटवर तिथे कायम सूं असायचं. माझ्या वयाच्या माणसाला आयुष्यभर ऐकलेल्या अल्बममध्ये नवं काही सापडणं म्हणजे काय, ते न्यू वेव्हवाल्यांना सांगायची गरज नाही. कूलर अर्थातच आवाज करतो. मी खोली ओलसर होईपर्यंत तो चालवते, मग बंद करून एक बाजू ऐकते. घाम येतो, येऊ दे.

कूलरचं दुखणंही आहे. त्याची मोटर आणि अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर असतील तर स्पीकरमधून घुंई येते. अॅम्प्लिफायर दुसऱ्या बोर्डावर नेला, टर्नटेबलची बारीक अर्थची तार अॅम्प्लिफायरच्या जीएनडी (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूला घट्ट केली, घुंई गेली. कूलरच्या झोतात कव्हर ठेवू नका, कागद फुगतो. पावसाळ्यात तर कव्हरं भिंतीपासून लांबच हवीत, माझ्या एका कव्हरच्या आतल्या बाजूला बुरशीचे ठिपके आलेच. आणि रेकॉर्ड उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास ही प्लॅस्टिक नरम पडायला लागते आणि नागपुरात मेमध्ये बंद गाडीचा डॅशबोर्ड तिथवर सहज जातो.

शेवटी बेल्टचं, कारण मला विचारणारे बहुतेक तेच विचारतात. आठवडाभर बाहेरगावी जाणार असाल तर बेल्ट पुलीवरून उतरवून ठेवा, ताणात राहिला की लवकर सैल पडतो. हात तेलकट असताना लावू नका, पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नवा घेताना जुना सपाट दुमडून लांबी मोजा आणि दुप्पट करा, पण जुना ताणलेला असतो, म्हणून त्याहून थोडा कमीच मागवा. बसवल्यावर ३३ लावून झालं म्हणजे ४५ आपोआप लागत नाही, त्याचा स्क्रू वेगळा, तोही तपासा. ४५ च्या चकतीवर १३३ रेघा असतात, हिशेबाने १३३⅓ हव्यात आणि तिसरा हिस्सा रेघ कुणाला काढता येत नाही. त्यामुळे ४५ ला रेघा अगदी मंद मागे सरकताना दिसल्या तर वेग बरोबर आहे, तिथे स्क्रूला हात लावू नका.